आक्काच्या चरख्याची माळ

आक्का,

लोकरीवर मी आजवर बरंच लिहिलं. दोन छोट्या पुस्तिका, शाळेच्या वार्षिक अंकांतले लेख, कताई शिकणाऱ्यांसाठी टिपणं. सगळ्यांत तुझं नाव आहे. "माझी थोरली बहीण, जिच्याकडून मी लोकर ओळखायला शिकलो," असं मी मोठ्या आदराने लिहीत आलो. पण तुझ्या सासरच्या गावातल्या त्या एका वर्षापाशी आलो की मी परिच्छेद बदलायचो. लोकर धुण्याबद्दल लिहायचो, खळीबद्दल लिहायचो. चाळीसेक वर्षं मी हे करतो आहे आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असेल. तुझी लेक मंदा तुला माझे लेख वाचून दाखवायची, हे मला माहीत आहे.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. सावडण्याच्या दिवशी तुमच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि मी खांबाला टेकून चहाचा पेला हातात घेऊन बसलो होतो. वरच्या आळीची शेवंताबाई, जिला आता धड दिसतही नाही, ती म्हणाली, "बाई सोन्यावानी. हात डावरा म्हणून देवाच्या सुताला तेवढी कवा शिवली न्हाई, पर मन लय मोठं." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी वाईट बोलत नव्हतं गं. तुझं कौतुकच चाललं होतं. आणि त्या कौतुकात मधोमध माझं वाक्य बसलेलं होतं, इतकं जुनं झालेलं की ते माझं आहे हे कुणाला आठवतही नव्हतं.

मी चहा प्यायलो. तेव्हाही बोललो नाही.

म्हणून आता लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण मंदाला माहीत नाही, तिच्या सुनांना माहीत नाही, गावाला माहीत नाही. त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवं.

आपल्या घरात माग वडलांचा आणि सूत आईचं. घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या घरात असंच. पोरं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायला शिकतात आणि पोरी चरख्यापुढे. तू डावखुरी. आई जेवताना तुझ्या डाव्या हातावर चापटी मारायची, पण चरख्यापुढे चापटीने काही जमेना. उजव्या हाताने चाक फिरवलंस की डाव्या हातातली लोकर तुटायची. मग तू चरखा उलटा करून बसायला लागलीस, चाक डाव्या हाताने. सूत छान यायचं. पण पीळ आईच्या सुताच्या उलटा पडायचा. वडील दोन बोटांत दोन्ही सुतं धरून बघायचे आणि तुझं बाजूला ठेवायचे. "हे मिळत न्हाई. उभ्या धाग्यात घातलं तर घोंगडी वडून धरंल," म्हणायचे.

तू दहा वर्षांची असशील. दोन दिवस चरख्याला हात लावला नाहीस, टकळी घेऊन गोठ्यात बसलीस. तिसऱ्या दिवशी तू चाकावरून चातीकडे, म्हणजे सूत पिळणाऱ्या काडीकडे, जाणारी दोरीची माळ काढलीस आणि मधे तिची फुली करून परत चढवलीस. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. चाक तुझ्या डाव्या हाताने उलटं फिरलं, पण त्या फुलीमुळे चाती सुलट फिरायला लागली. तू सूत नेऊन वडलांच्या हातात दिलंस. त्यांनी ते बोटात फिरवलं, ओठाला लावलं, परत फिरवलं, आणि म्हणाले, "आता मिळालं." एवढंच म्हणाले. तू पळत माझ्याकडे आलीस आणि मला उगाच धपाटा घातलास. मी तेव्हा सहा वर्षांचा. धपाटा का बसला ते कळायला मला फार वर्षं लागली. आनंद झाला की तुझा हात चालायचा.

तुझं लग्न होऊन तू आटपाडीच्या बाजूला गेलीस. चरखा बरोबर नेलास. मी कराडला शिकलो, मग कताईचं प्रशिक्षण घेऊन आलो, आणि एका संस्थेने लोकर कताईचं केंद्र काढलं ते नेमकं तुझ्याच सासरच्या गावात. मास्तर म्हणून मला पाठवलं. देवळाच्या धर्मशाळेतल्या लांब खोलीत वीस चरखे, वीस बायका, आणि जेवायला तुझं घर. दाजी म्हणाले, "मास्तर, निराळी चूल मांडलीसा तर आमची इज्जत जाईल." तुझ्या सासूबाई मला वाढताना म्हणायच्या, "भाऊ मास्तर हाय म्हणून आमची सून आता पीठ बी मापात मळाया लागली." तू चुलीपुढे तोंड फिरवून हसायचीस.

ते पहिले सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. हे तुला कधी सांगितलं नाही.

मी वेगवेगळे चरखे आणायचो आणि तू त्यांची परीक्षा घ्यायचीस. पेटीचरखा आणला तर तू झाकण उघडून बघितलंस. "डब्यात घालून न्यायला ही काय शिदोरी हाय व्हय रं?" मी म्हणालो, कापसाला चांगला आहे. "मग कापूस आण. मेंढरं कशाला भादरतोस?" पायचरखा आणला तेव्हा मला वाटलं, आता ही हरली. पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे, सूत आपोआप गुंडाळतं. तू बसलीस, चालवलास, चार हात सूत काढलंस, त्याला एक झटका देऊन तोडलंस.

"सूत बरं हाय," म्हणालीस. "पर माझी मान मोकळी ऱ्हाईना. पाय त्याच्या तालात, हात त्याच्या तालात. ह्यो मला कातवतोय. मी ह्याला न्हाई."

"आक्का, दिवसाला दुप्पट सूत निघतं."

"निघू दे की. दुप्पट निघून घोंगडी काय दोन माणसांस्नी एकदम पांघरायची हाय?"

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. आत्ता गेल्या दिवाळीतसुद्धा तू म्हणालीस, "तुझा त्यो सायकलीचा चरखा कुठं गंजला?" मी अजूनही म्हणतो, आक्का, पायचरखा चांगलाच होता. लांब तंतूच्या लोकरीला तर फारच. पण आता हे कुणाशी भांडू?

लोकरीचंही तसंच. संस्थेकडून परदेशी मऊ लोकरीची पोती आली. बायका त्यात हात घालून गालाला लावायच्या. तू चिमूटभर घेतलीस, ओढलीस, वास घेतलास. "लोण्यावानी हाय. अंगाला चावायची न्हाई," म्हणालीस, "पर पाऊस बी थांबवायची न्हाई. ही लोकर शेरातल्या पाव्हणीवानी, कौतुकापुरती." आपल्या मेंढराची लोकर तू डोळे मिटून ओळखायचीस. पावसानंतर कातरलेली, धुतल्यासारखी मोकळी. उन्हाळ्यातली, मातीने जड. म्हाताऱ्या मेंढीची, मधे मधे कडक केस येणारी, ती तू वेचून बाजूला काढायचीस आणि म्हणायचीस, हिची दोरी वळा. आणि सगळ्यांत वर जावळ, कोकराची पहिली कातरण. ती हातात घेतलीस की तुझा आवाजसुद्धा बारीक व्हायचा, जसं काही कोकरू झोपलेलं आहे.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं की त्या गावात दरवर्षी बिरोबाच्या यात्रेआधी देवाची घोंगडी होते. ज्यांच्या घरी मेंढरं आहेत ते जावळ देतात आणि गावातल्या बायका देवळापुढच्या पारावर बसून ती कातून देतात. प्रत्येकीच्या सुताचा चार बोटांचा पट्टा उभ्या धाग्यांत येतो. वरून दिसायला घोंगडी एकसारखी काळी. पण कोणता पट्टा कुणाचा, हे सगळ्यांना पाठ. सासुरवाशीण त्या पारावर बसली की ती गावची झाली असं मानायचे. मधला पट्टा सगळ्यात बारीक सुताचा लागतो, आणि तू सासरी गेल्यापासून दोनेक वर्षांत तो तुझा झाला होता.

त्या वर्षी यात्रा आणि केंद्राची तपासणी एकदमच आली. संस्थेचे साहेब येणार होते, माझी नेमणूक कायम करायची की नाही ते बघायला. मी गावाला म्हणालो, यंदा देवाचं सूत केंद्रातच कातू, साहेबांना बघू दे. पंचांना ते आवडलं. वीस चरखे मी दोरी धरून एका ओळीत लावले. सगळे सारखे. आणि कोपऱ्यात तू, चरखा उलटा, आणि माळेची फुली.

चरखा उलटा ठेवायला मी हरकत घेतली नाही. तेवढी अक्कल होती. पण फुली मला खुपली. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात चित्र होतं, त्यात माळ सरळ. खाली लिहिलं होतं, माळ एकमेकीला घासली तर लवकर झिजते. मी तुझ्यापुढे उभा राहिलो आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणालो, "ही फुली काढा. माळ सरळ पाहिजे." केंद्रात मी तुला अहो-जाहो करायचो, आठवतं? मला वाटायचं, त्याने शिस्त दिसते.

तू हळू आवाजात म्हणालीस, "सदा, पीळ उलटा पडंल."

"पीळ तो पीळ. पाचसहा दिवसांचा प्रश्न आहे."

"बाकीच्यांच्या सुताला मिळायचं न्हाई रं. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं. वडलांच्या मागाशेजारी ते मी ऐकलेलं होतं. पण तू सगळ्यांसमोर "रं" म्हणालीस आणि शेवंताबाई फिसकन हसली. मी वाकलो आणि माझ्या हाताने तुझी माळ काढून सरळ चढवली.

तू कातलंस. न कातून काय करणार होतीस? यात्रेचं सूत होतं आणि भाऊ मास्तर होता. चार दिवसांनी लड्या गोळा करताना तू माझ्या मागे देवळाच्या पायरीपर्यंत आलीस. "माझं सूत निराळं ठेव. उभ्याला घेऊ नको. सगळं आडव्याला घाल, तिथं चालंल, न्हाईतर दोरीला घाल. मी घरच्या चरख्यावर पुन्यांदा कातून देते." मी म्हणालो, वेळ नाही. साहेब उद्या येणार. आणि तुझी लडी इतरांच्या लड्यांत ठेवून विणणाऱ्या तात्यांकडे पाठवली. तात्या तुझे चुलत सासरे. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि माझ्यावर त्यांचा फार विश्वास होता.

साहेब आले, ओळ बघून खूश झाले, गेले.

घोंगडी मागावरून उतरली तेव्हा देखणी दिसत होती. मग ती विहिरीवर नेऊन भिजवली, दोघांनी तुडवली आणि कातळावर पसरली. ऊन लागायला लागलं तसा मधला पट्टा ओढायला लागला. दोन्ही बाजूंची वीण एकीकडे आणि तुझी चार बोटं दुसरीकडे. भाजलेल्या पापडासारखी घोंगडी मधोमध वाकली. चौघांनी कोपरे धरून ताणली, दगड ठेवले. दगड काढले की परत तेच. यात्रा दुसऱ्या दिवशी.

पंच जमले, बायका जमल्या. पट्टा कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. देवाचा पुजारी म्हणाला, "डाव्या हाताचं सूत. म्या दोन वरसं म्हणतोय, देवाच्या कामाला डावा हात बरा न्हवं." तुझ्या सासूबाई चटकन म्हणाल्या, "ह्याच्या आधी चाललं की! तवा देव झोपला व्हता का?" त्या माउलीचं हे वाक्य मी विसरलो नाही. मग तात्या माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमी सांगा. सुतात काय बिघडलं?"

माझ्या खिशात सूत तपासायचं भिंग होतं. ते मी आधीच लावून बघितलं होतं. शेजारच्या पट्ट्यांचा पीळ एका अंगाला आणि तुझा दुसऱ्या. माळ सरळ केल्यावर दुसरं काय होणार? एवढंच बोलायचं होतं: "माळ मी बदलली. आक्का नको म्हणत होती."

मी म्हणालो, "आक्काचा हात डावरा आहे. त्यामुळे पिळात फरक पडतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते वाक्य टिकलं. शिकलेल्या माणसाने सांगितलं, तेही सख्ख्या भावाने. पुजाऱ्याच्या बोलण्याला कुणी विचारलं नसतं, पण माझं सगळ्यांनी मानलं. सासूबाईंनीसुद्धा.

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. तू लहानपणी माझं पाटीवरचं लिहिलेलं बघायचीस तसं, नीट, शेवटपर्यंत वाचल्यासारखं. मग पदर खोचून तू कातळावर उतरलीस आणि घोंगडी गोळा करायला लागलीस. त्या वर्षी देवाला मागल्या वर्षीचीच घोंगडी अंथरली.

तू का बोलली नाहीस? त्या संध्याकाळी जेवताना मला वाटत होतं, आता बोलशील, आता भांडं आपटशील. तू मला भाकरी वाढलीस. मी अर्धीच खाल्ली तर म्हणालीस, "खा. उपाशी ऱ्हायलास तर लोक इचारत्याल." तेव्हा मला कळलं. सासरच्या गावात भाऊ म्हणजे तुझं माहेर. मास्तर चुकला, मास्तर खोटं बोलला असं गावाला कळलं असतं तर ते तुझ्या माहेरावर आलं असतं. तू स्वतःवर घेतलंस आणि माहेर झाकलंस. आणि मी ते झाकू दिलं. नेमणूक कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हा तू गूळ वाटलास.

दुसऱ्या दिवशी केंद्रात येऊन तू कुणाला न विचारता माळेची फुली केलीस. मी समोर उभा होतो. त्यानंतर केंद्र होतं तोवर तुझी माळ तशीच राहिली, आणि मी तपासणीच्या वहीत तुझ्या चरख्यापुढे "ठीक" असं लिहीत राहिलो.

पुढच्या वर्षी पारावर बायका कातायला बसल्या तेव्हा तुला जावळ पिंजायला दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. तू पिंजून, साफ करून, कातायचे पेळू वळून प्रत्येकीच्या हातात द्यायचीस. मधला पट्टा दुसऱ्या कुणाचा झाला. गावात कुणी तुझा अपमान केला नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण मी बरीच वर्षं त्याच्यामागे लपलो. घरच्या घोंगड्यांना, अंथरायच्या जाड जेनांना, लग्नाच्या कामाला तुझंच सूत लागायचं. शेजारच्या गावांतून माणसं तुझं सूत मागत यायची. फक्त देवाच्या सुताला तू नाही. मंदाचं लग्न गावातच झालं, तीही पारावर बसायला लागली. तिला मधला पट्टा मिळाला त्या दिवशी तू कुणाकडून तरी लिहून घेऊन मला पत्र पाठवलंस. "आपल्या घरात परत आला," असं त्यात होतं. ते पत्र माझ्याकडे आहे.

मला सांगायच्या संधी आल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. दर भाऊबीजेला यायचो. एसटीत बसलो की वाक्य जुळवायचो, विट्याच्या स्टँडवर ते पक्कं व्हायचं, आणि तुमच्या दारात तू ताट घेऊन उभी दिसलीस की मोडायचं. ओवाळून घेताना कसं सांगायचं? जेवल्यावर सांगू. जेवल्यावर दाजी पान घेऊन बसायचे. निघताना सांगू. निघताना तू पिशवीत शेंगा भरत असायचीस.

पाचगणीचं तुला आठवतच असेल. केंद्र बंद पडलं आणि मी तिथल्या एका शाळेत हस्तकला शिकवायला लागलो. दाजी गेल्यावर तू आठ दिवस माझ्याकडे राहायला आलीस. बाजारातल्या एका दुकानात हाताने कातलेल्या लोकरीच्या शाली टांगल्या होत्या. तू एक कोपरा उचललास, बोटात फिरवलास, आणि हसायला लागलीस. "आरं सदा, ह्यातलं निम्मं सूत उलट्या पिळाचं हाय. धुतली की बघ, नाचंल."

दुकानदार पोरगा म्हणाला, "आजी, पीळ उलटा कसा कळला?"

"मला न्हाई कळायचं तर कुणाला?" तू म्हणालीस, आणि माझ्याकडे बघितलंस.

आक्का, तू दार उघडून उभी होतीस. आत यायचं फक्त मला होतं. तुझ्या चेहऱ्यावर हसू होतं, दाजी नव्हते, सासूबाई नव्हत्या, तुझं गाव शंभर मैलांवर. मी म्हणालो, "चल, चहा घेऊ. इथं स्ट्रॉबेरीचं काहीतरी पण मिळतं." तू शालीचा कोपरा हळूच सोडलास. स्ट्रॉबेरी खाल्लीस आणि आंबट तोंड करून म्हणालीस, "ह्याच्यापरीस आपली चिंच बरी." पुढचे दिवस आपण बरंच फिरलो. त्या दुकानाकडे मात्र तू परत गेली नाहीस.

मग गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून त्या दोघी मुली आल्या. देशी मेंढरांच्या लोकरीवर काम करतात, जुन्या कातणाऱ्यांना शोधतात. मंदाने मला बोलावून घेतलं. तुझ्या ओट्यावर त्या मांडी घालून बसल्या आणि तुझा चरखा बघून एकीने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आजी, ही फुली तुम्ही स्वतः शोधलीत? डावखुऱ्या हाताला सुलट पीळ यावा म्हणून?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी एका नजरेत ते ओळखलं. आमच्या पुस्तकात ते नव्हतं. त्या मुलीला दिसलं.

तू म्हणालीस, "मला काय कळतंय? त्या माझ्या भावाला इचारा. त्यो मास्तर हाय. त्येनंच सगळं शिकिवलं."

मंदा अभिमानाने माझ्याकडे बघत होती. मुलींनी वही उघडली. आणि मी काय केलं? मी त्यांना पिळाबद्दल माहिती दिली. उजवा पीळ, डावा पीळ, ताण, धुण्यानंतरची ओढ, सगळं नीट, उदाहरण देऊन. उदाहरणात म्हणालो, "समजा, एखाद्या घोंगडीत एकच पट्टा उलट्या पिळाचा आला, तर..." तू चरखा फिरवत होतीस. चाक थांबलं नाही, पण सूत तुटलं. तुझं सूत तुटलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तू ते थुंकी लावून जोडलंस आणि पुढे कातत राहिलीस.

ती आपली शेवटची धडधाकट भेट. त्यानंतर सांगलीच्या दवाखान्यात भेटलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. मंदा औषधं आणायला खाली गेली होती. मी तुझा डावा हात हातात घेतला, मग उजवा. अंगठ्याजवळ लोकर ओढून ओढून पडलेला घट्टा उजव्या हाताला होता, डावा मऊ होता. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की लोकर ओढायचा तुझा हात उजवाच होता. ज्या हातातून सूत निघायचं तो उजवा, आणि सगळं गाव सुताला डाव्या हाताचं म्हणत आलं. हेही मला दिसायला हवं होतं. मी सूत तपासणारा माणूस. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "जेवलास का?" मी हो म्हणालो. मंदा वर आली.

आता मी काय करणार आहे ते सांगतो. पुढच्या महिन्यात देवाच्या घोंगडीचं सूत सुरू होईल. मी मंदाशी फोनवर बोललो, एवढंच म्हणालो की तुझ्या आईबद्दल काही लिहिलंय, पारावर सगळ्या बायका बसतील तेव्हा मला वाचायचं आहे. ती म्हणाली, "या की मामा, लय बरं हुईल, आईचं चार चांगले शब्द व्हतील." तिला वाटतं आहे, मी तुझी स्तुती करायला येतो आहे. वाचून झाल्यावर ती मला मामा म्हणेल की नाही, मला माहीत नाही. तो तिचा हक्क. शेवंताबाई बसलेली असावी अशी माझी इच्छा आहे, तिने ती माळ मी काढताना पाहिली होती. पुजारी आता नाही, त्याचा नातू आहे. त्यालाही मी सांगणार आहे की डाव्या हाताचा दोष काढायला माझं वाक्य वापरलं गेलं आणि ते वाक्य मी परत घेतो. देवाच्या कामात डावखुऱ्या पोरीला पिंजायला बसवायचं असेल तर त्यांनी दुसरं कारण शोधावं.

याने तुला काही मिळत नाही, हे मला कळतं. चाळीस वर्षं तू पेळू करून दुसऱ्यांच्या हातात दिलेस, ती वर्षं मी कुठून आणू? एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. मला भीती वाटायची ती तू रागावशील याची नव्हती. तू लगेच माफ करशील, "जाऊ दे रं, लय जुनं झालं," म्हणशील आणि मला जेवायला वाढशील, याची भीती होती. तेवढ्या सहज मला सुटायचं नव्हतं. आणि न सांगून मी सुटत राहिलो.

आता तू म्हणणार नाहीस, जाऊ दे. म्हणून सांगतो. एसटीत जुळवायचो तसं सजवून नाही. तुझ्या चार बोटांच्या पट्ट्यात काहीही चुकलं नव्हतं, आक्का. माळ मी बदलली. तू दोनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. मग कातळावर सगळ्या गावापुढे मी तुझ्या हाताचं नाव घेतलं आणि माझ्या हाताचं घेतलं नाही. माझं चुकलं गं. मला माफ कर.